फाळके नाशिकचे, रिळं पुण्यात : चित्रपट संग्रहालय, जुने डबे आणि आपण

गोदाकाठ
नाशिक शहरातली आणि जिल्ह्यातली एकपडदा थिएटरं एकेक करून बंद होताहेत. प्रोजेक्टर भंगारात जातो, पोस्टर रद्दीत, आणि माळ्यावरचे डबे कोणाचेच नसतात. म्हणून हा धागा.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, म्हणजे आपलं फिल्म अर्काइव्ह, फेब्रुवारी १९६४ मध्ये सुरू झालं. मार्च २०२२ च्या अखेरीस ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. फाळके जन्मले त्र्यंबकला, वारले नाशकात, कारकिर्दीतला मोठा भाग इथेच गेला. आपल्याकडे मात्र पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे, आणि फिल्म सगळी पुण्यात.

माझं मत स्पष्ट सांगतो: संग्रहालयाची एक शाखा नाशकात हवी. प्रश्न दोन. एक, संस्थेच्या इतिहासाकडे पाहता हे शक्य आहे का? दोन, तोवर जे डबे सापडतात त्यांचं नक्की काय करायचं? "पुण्याला कळवा" यापलीकडचं उत्तर हवंय.

चित्तरकथी
वाचनखूण साठवली. आता जाणकार येतीलच.

पंचवटीकर
शाखा मिळेल हो, पण उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावं कोणाची यावरून दहा वर्षं जातील.

मूकपट
गोदाकाठ, इतिहासापासून सुरुवात करू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीचा अहवाल १९५१ चा. त्यानंतरच्या तेरा वर्षांत तीन गोष्टी उभ्या राहिल्या: १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट, आणि १९६४ मध्ये संग्रहालय. क्रम बघा. आधी पैसा, मग शिक्षण, शेवटी जतन. फायनान्स कॉर्पोरेशन पुढे १९८० मध्ये एनएफडीसीत गेलं आणि २०२२ मध्ये संग्रहालयही तिथेच पोचलं.

संग्रहालय सुरू झालं तेव्हा मूकपटांचा काळ संपून तीस वर्षं झाली होती. भारतात सुमारे १३०० मूकपट झाले, आणि आज जगभरातले तुकडे धरूनही तिशीच्या आत उरलेत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' गेला. बोलपट आल्यावर 'आलम आरा' तरी राहायला हवा होता, तोही गेला. त्याची छायाचित्रं आणि जाहिराती उरल्या.

पी. के. नायर १९६१ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन सहायक म्हणून लागले, १९६५ मध्ये संग्रहालयात सहायक क्युरेटर झाले, १९८२ मध्ये संचालक आणि १९९१ मध्ये निवृत्त. तोवर संग्रह सुमारे १२,००० चित्रपटांवर गेला होता, त्यात भारतीय ८,०००. १९६९ पासून संस्था आंतरराष्ट्रीय अर्काइव्ह महासंघाची सदस्य आहे. ही सगळी वाढ एका अधिकाऱ्याच्या खटपटीवर झाली. कायद्याचं पाठबळ शून्य.

रीळवाला
मूकपट यांच्या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारा. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाला ठराविक ग्रंथालयांत प्रत पाठवावीच लागते. चित्रपटासाठी तसं बंधन नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तर प्रत संग्रहालयात जमा करण्याची अट आहे, म्हणून पुरस्कारवाले चित्रपट तिथे सापडतात. जो चित्रपट जत्रेत, तंबूत, तालुक्याच्या गावी पन्नास आठवडे चालला पण ज्याला पुरस्कार नाही, तो वितरकाच्या गोदामात सडला.

सायकलवारी
पण लोकांनी फिल्म फेकल्या का? एवढ्या मेहनतीची वस्तू.

रीळवाला
फेकल्या नाहीत, विकल्या. काळ्यापांढऱ्या फिल्ममधली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. धंदा संपलेली प्रिंट म्हणजे वितरकासाठी गोदामभाडं. ती चांदी काढणाऱ्याला वजनावर जायची, इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा जिलेटिनचा थर, धुऊन चांदी वेगळी होई आणि उरलेला पारदर्शक पट्टा बांगड्या-खेळणीवाल्यांकडे. बोलपट आल्यावर मूकपटाची किंमत फक्त चांदीपुरती राहिली. शिवाय त्या काळची फिल्म झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेटची, साठवायला परवाना लागे. मग ठेवणार कोण?

नंतरच्या काळात करार संपल्यावर प्रिंट कुऱ्हाडीने तोडून टाकायची पद्धत आली, चोरून दाखवू नये म्हणून.

कात्री_सिमेंट
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. डबा सापडला की काय करायचं. हे नीट वाचा, कारण पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

डबा बंद खोलीत उघडू नका. खिडकीजवळ किंवा घराबाहेरच्या ओट्यावर, सावलीत. आसपास विडी, उदबत्ती, गॅस काही नको. हातात नायट्राइलचे मोजे. गंजलेलं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कडेने रबरी हातोडीने हलकं ठोकत फिरवा. गंजाचे कण आत पडले तर फिल्मवर ओरखडे उठतात.

आत फिल्म सुट्टी गुंडाळलेली दिसली तर ओढून उलगडू नका. पहिले दोन-तीन फूट बघायचे. कडेला बारीक अक्षरं असतात. 'नायट्रेट' असं छापलेलं असेल तर तिथेच थांबा. 'सेफ्टी' असेल तर बहुधा ॲसिटेट, सहज न पेटणारी. 'बहुधा' अशासाठी की नायट्रेट निगेटिव्हवरून सेफ्टीवर प्रिंट काढली की मूळची अक्षरंही छापली जाऊ शकतात, आणि उलटही होतं. फिल्मच्या स्वतःच्या कडेची अक्षरं काळी असतात की पांढरी, धूसर की ठळक, हे पाहणारा माणूस लागतो. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यांवरून फिल्म बनल्याचं वर्ष काढतात. पण त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा १९२७ की १९४७ हे इतर पुराव्यावरून ठरवावं लागतं.

१६ मिमीची असेल तर निम्मी काळजी मिटली. १६ मिमी मुळातच घरगुती आणि शाळा-क्लबांच्या वापरासाठी काढली, म्हणून ती सेफ्टीवरच येते. धोका ३५ मिमीचा, आणि तोही साधारण १९५१-५२ च्या आधीच्या फिल्मचा. त्या सुमारास कोडॅकने नायट्रेट बनवणं थांबवलं.

सातपूर_फिटर
माचिसची काडी लावून एक तुकडा पेटवला की लगेच कळतं ना नायट्रेट आहे का?

कात्री_सिमेंट
सातपूर_फिटर, हे गमतीतही लिहू नका, कोणी तरी करून बघेल. नायट्रेटच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, वाळू टाकून विझत नाही, धुरात नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड असतात. खूप कुजलेली फिल्म बंद डब्यात बराच काळ ४० अंशांच्या आसपास तापली तरी आपोआप पेटू शकते. नाशिकचा मे महिना आणि पत्र्याचं छप्पर आठवा.

कुजण्याच्या पायऱ्या ओळखा: आधी चित्र पिवळसर-तपकिरी होऊन फिकटतं, मग इमल्शन चिकट होऊन वेटोळी एकमेकांना धरतात, मग फोड येऊन मधासारखा चिकट द्रव सुटतो आणि उग्र वास, मग सगळा एक गोळा, शेवटी तपकिरी पूड. पहिल्या दोन पायऱ्यांतली फिल्म नव्या फिल्मवर उतरवता येते. तिसरीत काही भाग. पुढच्या दोन्हींत फक्त सुरक्षित नाश, आणि तोही अग्निशमन दलाच्या देखरेखीत.

पंचवटीकर
सातपूर_फिटर, विमा काढून ठेवा आधी. हलके घ्या :)

मूकपट
याच नायट्रेटने संग्रहालयाचाही घास घेतला. ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठवणघराला आग लागली, तिथे संग्रहालयाची नायट्रेट फिल्म होती. प्रभातसारख्या कंपन्यांचं मूळ साहित्य त्यात गेलं. बऱ्याच चित्रपटांच्या सेफ्टीवरच्या प्रती आधीच काढल्या होत्या, म्हणून ते आज बघायला मिळतात. पण प्रत ती प्रत. मूळ निगेटिव्हमधला बारकावा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रतीत येत नाही, आणि उद्या कितीही चांगला स्कॅनर आला तरी जे फिल्मवर नाही ते तो वाचणार नाही.

गोदाकाठ
म्हणजे ॲसिटेट असेल तर बिनधास्त ठेवायची?

कात्री_सिमेंट
बिनधास्त नाही. ॲसिटेट नायट्रेटसारखी पेटत नाही, आंबते. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की समजा सुरुवात झाली. ओल आणि उष्णतेने बेसमधून, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक पट्ट्यातून, ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड पुढची प्रक्रिया वाढवतं. म्हणून एक आंबलेला डबा चांगल्यांच्या शेजारी ठेवायचा नाही. पहिलं काम, वेगळा काढा.

वासावर विसंबू नका, नाकाला सवय होते. ॲसिड ओळखणाऱ्या ए-डी पट्ट्या मिळतात, निळ्या रंगाच्या. डब्यात एक ठेवून झाकण लावायचं, खोलीच्या तापमानाला किमान २४ तास. निळी राहिली तर ठीक, हिरवट झाली तर सुरुवात, पिवळी झाली तर तातडीचं काम. ० ते ३ अशी मोजणी असते, दीडच्या पुढे वेग एकदम वाढतो.

दुसरी तपासणी आकसण्याची, आणि त्याला उपकरण लागत नाही. ३५ मिमी फिल्मच्या कडेची १०० भोकं ताज्या फिल्मवर सुमारे ४७५ मिमी भरतात. जुनी पट्टी ताज्या पट्टीला समांतर ठेवा. शंभराव्या भोकाशी जेवढा फरक पडेल तो मोजा. एका भोकाचा फरक म्हणजे एक टक्का. अर्ध्या-पाऊण टक्क्यापर्यंत बहुतेक यंत्रांवर चालते, टक्क्याच्या पुढे प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही. प्रोजेक्टरचे दाते भोकं फाडत जातात, आणि ऑपरेटरला आवाज येईपर्यंत चाळीस फूट फाटलेले असतात. दोन टक्क्यांच्या पुढे साध्या स्कॅनरवरही अडचण, दाते नसलेला, कडेने आणि लेझरने जागा धरणारा स्कॅनर लागतो.

चित्तरकथी
पॉलिएस्टरचं काय? नव्वदीनंतरच्या प्रिंट त्याच्या म्हणतात.

रीळवाला
हो, प्रदर्शनाच्या प्रिंट नव्वदीत हळूहळू पॉलिएस्टरवर आल्या. ओळखायची सोपी रीत: गुंडाळलेलं रीळ उजेडाकडे धरून कडेने बघा, पॉलिएस्टरमधून उजेड आरपार जाणवतो, ॲसिटेट ठोस दिसतं. पॉलिएस्टर आंबत नाही आणि हाताने तुटतही नाही. ते अडकलं की फिल्मऐवजी प्रोजेक्टरचा गिअर तुटतो. त्याला सिमेंटचा, म्हणजे फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा, जोड बसत नाही, टेप किंवा अल्ट्रासोनिक जोड लागतो. ॲसिटेटला सिमेंट चालतं. अनेक जुन्या रिळांत लोकांनी स्टेशनरीची चिकटपट्टी लावलेली असते. ती वाळते, गोंद शेजारच्या वेटोळ्यावर पसरतो. ती काढून फिल्मची खास पट्टी लावायची.

रंगीत प्रिंटचा आणखी एक प्रकार: सगळं चित्र गुलाबी. ऐंशीच्या दशकाआधीच्या रंगीत प्रिंटमधला निळसर थर आधी उडतो. हे अंधारात ठेवूनही होतं, फक्त थंडीत हळू होतं.

पिंपळगावकर
मग उपाय आपल्या दारात आहे की. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची शीतगृहं पडलीत. ० ते २ अंश तापमान. हंगाम फेब्रुवारी-एप्रिलचा, बाकी वर्षभर बऱ्याच खोल्या रिकाम्या. डबे ठेवा रचून. पुण्याची गरजच काय?

सातपूर_फिटर
वा! आणि जागा नसेल तर कांदाचाळ आहेच.

पंचवटीकर
निफाडला थंडीत पारा पाच-सहावर येतो. डबे नुसते अंगणात ठेवले तरी चालतील.

कात्री_सिमेंट
पिंपळगावकर, तापमानाचा आकडा बरोबर, बाकी सगळं उलटं. द्राक्ष सुकू नये म्हणून त्या खोलीत आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात. ॲसिटेट फिल्मला दोन अंशांवर २० ते ३० टक्के हवी. नव्वद टक्क्यांत पत्रा गंजेल आणि जिलेटिन फुगेल. दरवाजा उघडला की थंड डब्यावर पाणी सुटेल.

दुसरं, द्राक्षांच्या पेट्यांत बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड टाकतात. चांदीची प्रतिमा आणि गंधकाचे वायू यांचं अजिबात जमत नाही, चित्र पिवळट होऊन उडायला लागतं. खोली धुतली तरी इन्सुलेशनमध्ये वास राहतो.

कांदाचाळीचा तर विषयच नको, ती हवा खेळती राहावी म्हणूनच बांधतात. फिल्मला दिवस-रात्रीचा फरक सगळ्यात वाईट. निफाडची थंडी पहाटे सहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. रोज फुगायचं, रोज आकसायचं. स्थिर १८ अंश हे सहा-अठ्ठावीसपेक्षा चांगलं.

पिंपळगावकर
पॅडचं डोक्यात आलं नव्हतं. बरं, मग नाशकात तात्पुरतं ठेवायचं कुठे?

कात्री_सिमेंट
तळमजल्यावरची, उत्तरेकडची, बाहेरच्या भिंतीला न लागणारी खोली. गच्चीखालचा माळा आणि तळघर दोन्ही नको. लोखंडी रॅक, जमिनीपासून वीतभर वर. डबे आडवे, उभे कधीच नाहीत, एकावर एक सहाच्या वर नकोत. गंजके डबे बदला, पॉलिप्रोपिलीनचे, हवेला फट असलेले चांगले. मूळ डब्यावरची चिठ्ठी फेकू नका, फोटो काढून चिठ्ठी सुट्या पाकिटात ठेवा. रीळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं की ॲसिड आतच कोंडतं. डांबरगोळ्या नकोत.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा ८०-९० टक्क्यांवर जाते. साठच्या पुढे गेली की बुरशी. त्या दोन महिन्यांत खोलीत डीह्युमिडिफायर आणि पन्नास रुपयांचं नव्हे, बऱ्यापैकी हायग्रोमीटर. बुरशी आली तर ओल्या फडक्याने पुसायची चूक करू नका. बुरशीने जिलेटिन आधीच विरघळण्याजोगं केलेलं असतं, पाणी लागलं की चित्रच फडक्यावर येतं.

डिजिटल_देवळाली
सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो, २००० साली ही चर्चा ठीक होती. आता ४के स्कॅन करा, हार्डडिस्कवर ठेवा, डबे द्या सोडून. संग्रहालयाने तरी एवढ्या थंड खोल्या कशाला पोसायच्या? राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेला ५९७ कोटी मंजूर झाले होते, २०२२ मध्ये २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी जाहीर झाले. एवढ्यात सगळं स्कॅन होऊन जाईल.

लॉगशीट
डिजिटल_देवळाली, हिशोब मांडू. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ च्या वेगाने २,१६,००० चौकटी. ४के, १० बिट, न दाबलेली एक चौकट साधारण ५० एमबी. एकूण जवळपास ११ टीबी, एका चित्रपटाचे. दुरुस्तीनंतरची आवृत्ती वेगळी, म्हणजे दुप्पट. वेगळ्या गावी दुसरी प्रत, म्हणजे चौपट. आता २२०० ने गुणा.

ते ठेवायचं एलटीओवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय टेपवर. एलटीओ-८ ची टेप १२ टीबीची, एक चित्रपट जेमतेम. पण एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी पिढी वाचतो. सहाव्या पिढीच्या टेपवर ठेवलेलं आधी वर आणावं लागतं. म्हणजे दर सात-आठ वर्षांनी सगळा संग्रह नव्या टेपवर उतरवायचा, तपासायचा, जुळतो का पाहायचं. एका फेरीला बजेट मिळालं नाही की सगळं संपलं. थंड-कोरड्या खोलीतलं रीळ बजेट नसलेली दहा वर्षं काढतं. ताज्या ॲसिटेटला २१ अंश आणि ५० टक्क्यांत आंबायला लागायला चाळीसेक वर्षं, दोन अंशांच्या कोरड्या खोलीत काही शतकं.

स्कॅन हवाच, लोकांनी बघायला. पण जतन रिळाचंच.

डिजिटल_देवळाली
टेपच्या पिढ्यांचा मुद्दा मान्य. तरी एक आहे: थंड खोलीत पडलेलं रीळ कोणी बघत नाही, आणि जे बघितलं जात नाही त्याला पुढच्या वर्षी पैसे मिळत नाहीत. स्कॅन केलेला चित्रपट मोबाइलवर दिसला तरच मंत्रालयाला वाटतं काही तरी चाललंय.

लॉगशीट
हे खरं आहे, दुर्दैवाने.

मनमाड_जंक्शन
अवांतर: मालेगावच्या नक्कलपटांचं काय? ते तर फिल्मवर नव्हतेच.

लॉगशीट
अवांतर नाही, खरं तर सगळ्यात निकडीचं. व्हीएचएस आणि मिनीडीव्हीवर जे झालं ते रिळाच्या आधी जाईल. टेपवरचा चुंबकीय थर सुटतो, चिकट होतो, आणि टेप चांगली असली तरी ती वाजवायला यंत्र राहत नाही. व्हीएचएसचे रेकॉर्डर बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. मालेगावात कोणाकडे मूळ टेप असतील तर नकलेची नक्कल नको, कॅमेऱ्यात होती तीच टेप धरा. उभी ठेवा, पूर्ण गुंडाळून, स्पीकर-मोटारपासून लांब. मिनीडीव्ही फायरवायर या डिजिटल तारेने जशीच्या तशी उतरते, ॲनालॉग तारेने उतरवू नका.

मूकपट
फाळक्यांवर येतो, कारण गोदाकाठ यांचं म्हणणं "फिल्म पुण्यात" एवढ्यावर थांबलंय. 'राजा हरिश्चंद्र' मूळ चार रिळांचा, ३,७०० फूट. संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, सुमारे १,४७५ फूट. सोळाच्या वेगाने मिनिटाला ६० फूट, म्हणजे साधारण २५ मिनिटं. चोवीसच्या वेगाने लावलं की १६ मिनिटांत उरकतं आणि सगळे धावताना दिसतात. अनेक ठिकाणी तसंच दाखवतात.

आता नाशिककरांनी कान टवकारावेत. काही अभ्यासकांच्या मते आज दिसते ती १९१३ ची नाही, १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेली आवृत्ती आहे. १९१३ चा चित्रपट दादरला झाला, पण त्याच वर्षी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशकात आला. ते मत धरलं तर उरलेली फिल्म नाशकातली ठरते.

शिवाय 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म' यांचे तुकडे, 'कालिया मर्दन'चा बराच मोठा भाग, आणि चित्रपट कसा तयार होतो ते दाखवणारा फाळक्यांचा माहितीपट, हे सगळं नाशिक काळातलं. ते नायरांनी फाळके कुटुंबाकडून मिळवून सांधलं. १९९४ मध्ये इटलीत पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात भारतीय मूकपटांचा मोठा विभाग झाला, तो या संग्रहामुळेच.

सायकलवारी
१९१७ चं मत पटत नाही. एवढ्या लवकर पुन्हा कशाला करतील?

मूकपट
प्रिंट मोजक्या आणि फिरती सतत. एकच प्रिंट गावोगाव प्रोजेक्टरवर चढत राहिली की भोकं फाटतात, जोडाजोडीत चौकटी कमी होतात. मूळ निगेटिव्ह खराब झालं की पुन्हा चित्रण करणं हाच मार्ग. तेव्हा प्रतीवरून टिकाऊ निगेटिव्ह काढायची चांगली सोय नव्हती. वाद अजून मिटलेला नाही, पण "कशाला" याचं उत्तर हे.

गाण्यांची_चोपडी
सगळे फिल्मवरच अडलेत. नाशकात रीळ सापडायची शक्यता कमी, कागद सापडायची जास्त. हरवलेल्या चित्रपटांचा पुरावा बहुतेक वेळा चार आण्याची गाण्यांची चोपडीच असते: कथासार, कलावंत, गाणी, कधी थिएटरचा शिक्का. संग्रहालय चोपड्या, पोस्टर, लॉबी कार्डं, मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइड, सेन्सॉर पटकथा हेही जमवतं.

करू नये ते आधी: लॅमिनेशन नको, ते निघत नाही. सेलोटेप नको. पोस्टर घडीवर घडी करून नको, घडीवरच फाटतं. मोठं असेल तर रुंद नळीवर बाहेरून गुंडाळा, मध्ये आम्लमुक्त कागद. चोपडीची गंजकी पिन पक्कड लावून ओढू नका, मागची टोकं सपाट करून हळूच उचला, मग सुती दोऱ्याने शिवा. फोटो काढताना मागची बाजूही काढा, छापखान्याचं नाव तिथे असतं.

चित्तरकथी
डबा दिला की हक्कही गेला का? ही भीती थिएटरवाल्यांना फार असते.

रीळवाला
नाही. दोन गोष्टी वेगळ्या. रीळ ही वस्तू, चित्रपट हा हक्क. संग्रहालयात वस्तू जमा होते, हक्क निर्मात्याकडेच राहतो. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या वर्षानंतर ६० वर्षं, १९९२ च्या दुरुस्तीआधी तो ५० होता. १९६० चा चित्रपट २०२० च्या अखेरीस मुक्त झाला. थिएटरवाल्याकडे राहिलेली प्रिंट मात्र बहुधा त्याची नसतेच, वितरकाची असते. म्हणून पत्रात "आमच्या मालकीची" असं लिहू नये. "आमच्या ताब्यात असलेली" लिहावं.

पत्रात काय हवं: चित्रपटाचं नाव आणि भाषा (माहीत नसेल तर शीर्षकपट्टीचा फोटो), ३५ की १६ मिमी, निगेटिव्ह की प्रिंट, आवाज आहे का, किती रिळं, प्रत्येकी अंदाजे फूट, वास आणि पट्टीचा रंग, डब्यावरचा मजकूर. फूट माहीत नसतील तर: ३५ मिमीचं १००० फुटांचं रीळ चोवीसच्या वेगाने ११ मिनिटं. १६ मिमीला ४०० फूट म्हणजे तेवढीच ११ मिनिटं. रीळ अर्धवट असलं, मधलंच असलं, तरी कळवा. नऊ रिळांपैकी त्यांच्याकडे नसलेलं तेच निघू शकतं.

गोदाकाठ
इतकी माहिती एका जागी येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण शाखेचा मुद्दा तसाच राहिला.

मूकपट
शाखा म्हणजे काय हवंय ते ठरवा. संग्रहालयाची बेंगळुरू, कोलकाता, तिरुवनंतपुरम इथे प्रादेशिक कार्यालयं आहेत. फिल्म सोसायट्यांना चित्रपट दाखवता यावेत, अभ्यासवर्ग व्हावेत हे त्यांचं काम. मुख्य साठा पुण्यातच. ते रास्त आहे. थंड खोली वर्षाचे ३६५ दिवस चालवावी लागते, दुहेरी कॉम्प्रेसर, जनरेटर, अग्निशमन, आणि रात्री दोनला धोक्याची घंटा वाजली तर उठणारा माणूस. नाशिक-पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. इतक्या जवळ दुसरी थंड खोली मागण्यात अर्थ नाही.

मागायचं असेल तर तपासणी टेबल मागा. एक खोली, दोन हाती रिवाइंडर, लाइट बॉक्स, भिंग, जोडयंत्र, फूटमापक, ए-डी पट्ट्या, रिकामे डबे आणि तीन-चार शिकलेली माणसं. जिल्ह्यातला डबा इथे तपासायचा, नोंद करायची, महिन्यातून एकदा पुण्याला. सोबत १६ मिमी किंवा डिजिटल प्रक्षेपणाची छोटी खोली, म्हणजे नाशिक काळातल्या फाळक्यांच्या फिल्म योग्य वेगाने इथेच दिसतील. शिकवायची सोय आहे, मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून जतनाच्या कार्यशाळा घेते.

गोदाकाठ
तपासणी टेबल. हे जास्त मागण्यासारखं आहे. माझं शाखेचं मत बाजूला ठेवतो.

पंचवटीकर
कोनशिला छोटी लागेल, तोही फायदा.

पिंपळगावकर
पुण्याला न्यायचं कसं? कुरिअरने?

कात्री_सिमेंट
ॲसिटेट-पॉलिएस्टर असेल तर स्वतःच्या गाडीने. पावसाळ्यात नको, मे मध्ये दुपारी नको. पहाटे निघा, डबे आडवे, घोंगडीवर, डिकीत नाही, वातानुकूलित भागात. मध्ये चहाला थांबलात तर गाडी उन्हात उभी करू नका.

नायट्रेटचा संशय असेल तर हलवायचीच नाही. ती धोकादायक मालात मोडते, टपाल, रेल्वे, कुरिअर सगळीकडे मनाई. डबा बंद करा, पण टेप लावून हवाबंद नको. घराबाहेरच्या सावलीत, बाकी डब्यांपासून आणि माणसांपासून लांब. फोटो काढा, पुण्याला फोटो पाठवा, अग्निशमन दलाला कळवा. पुढचं ते ठरवतील. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना कडेच्या अक्षरांचा फोटो वेगळा, जवळून काढा. लोक डब्याचा काढतात आणि डबा सगळ्यांचा सारखाच दिसतो.